थंड आणि गरम हवेची टक्कर म्हणजे टोर्नेडो नव्हे

धुळीच्या उभ्या खांबाचा एक व्हिडिओ नाशिकच्या ग्रुपांवर फिरतोय. खाली लिहिलंय: ‘आपल्याकडे टोर्नेडो! गरम आणि थंड हवा आदळली की असं होतं. खिडक्या उघड्या ठेवा, नाहीतर घर फुटेल.’ आईने काल तो वाचून खरंच विचारलं, वारा सुटला की खिडक्या उघडायच्या का? म्हणून हे लिहितोय.

व्हिडिओत लख्ख ऊन आहे, आभाळात ढग नाही. ती वावटळ. तापलेल्या रानातून उठते आणि थोड्या वेळात विरते. टोर्नेडो वर गडगडाटी ढगाला जोडलेला असतो.

राहिली टक्कर. गरम-थंड हवा समोरासमोर येणं रोजचंच आहे, टोर्नेडो रोज होत नाहीत. त्याला लागतो वाऱ्यातला फरक: जमिनीलगत मंद वारा, काही किलोमीटर वर दुसऱ्याच दिशेचा जोरदार. दोन तळहातांत पेन्सिल आडवी धरा आणि वरचा हात पुढे सरकवा, पेन्सिल लोळते. हवाही तशीच आडवी लोळते. ढगात चढणारा झोत तिला उभी करतो आणि ढग फिरू लागतो. हा सुपरसेल. पण ही फिरकी वर असते, आणि बहुतेक फिरत्या ढगांतून टोर्नेडो होतच नाही.

जमिनीलगत फिरकी येते ती पावसासोबत खाली उतरणाऱ्या हवेमुळे. चढता झोत त्या हवेला पुन्हा वर ओढतो, ती ताणली जाते, अरुंद होते आणि वेग वाढतो. फुगडीत दोघी जवळ आल्या की वाढतो तसा. आणि इथे गोष्ट मेसेजच्या नेमकी उलट आहे: खाली आलेली हवा फार थंड असेल तर ती जड होते, उचलली जात नाही, टोर्नेडो होत नाही.

भारतीय उपखंडात टोर्नेडो होतात. बांगलादेशात २६ एप्रिल १९८९ रोजी सुमारे १,३०० माणसं गेली. पण वळवाच्या पावसात कांदाचाळीचे पत्रे उडतात ते बहुतेक वेळा ढगातून कोसळून जमिनीवर पसरलेल्या वाऱ्याने. म्हणून झाडं साधारण एकाच बाजूला पडलेली दिसतात.

खिडक्यांचं मात्र अजिबात ऐकू नका. घर दाबाच्या फरकाने फुटत नाही. आत शिरलेला वारा छप्पर खालून उचलतो. आईला सांगितलं तेच सांगतो: खिडक्या आधीच लावून घ्या, पत्र्याच्या शेडमधून पक्क्या घरात या, काचांपासून लांब आतल्या खोलीत बसा.