धडधड, धातूची झडप आणि भजनी मंडळाचा फॉरवर्ड

गेल्या पंधरवड्यात हा मेसेज मला तीनदा आला. आधी भजनी मंडळाच्या ग्रुपवर, मग सोयऱ्यांच्या, शेवटी थेट आईच्या फोनवर. मजकूर थोडक्यात असा: "हृदयाची झडप बदलल्यावर धडधड होत असेल तर ऑपरेशन फसलं, शरीरानं झडप नाकारली. रक्त पातळ करायची गोळी म्हणजे उंदराचं विष, सहा महिन्यांत बंद करा. पालेभाजी सोडा, अर्जुनसालीचा काढा घ्या. धडधड वाढली तर जोरानं खोका."

आईची मायट्रल झडप, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली, चार वर्षांपूर्वी नागपूरला बदलून धातूची बसवली. मेसेज वाचून तिनं गोळ्यांची डबी दूर सारली. "काहून घेऊ मी हे जहर?" म्हणून हे लिहायला बसलो.

पहिलं, धडधड म्हणजे ऑपरेशन फसलं. साफ खोटं. झडपेच्या ऑपरेशननंतर साधारण तिघांतल्या एकाला तरी, कधी त्याहून जास्त जणांना, ठोके अनियमित होण्याचा त्रास होतो. बहुतेकांना तो दुसऱ्या ते चौथ्या दिवशी सुरू होतो. हृदयाला चिरा गेलेल्या असतात, सूज असते, रक्तातलं पोटॅशियम खालीवर होतं. वरचे कप्पे नीट आकसण्याऐवजी नुसते थरथरतात. त्याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात, डॉक्टर घाईत 'एएफ' म्हणून मोकळे होतात. पुष्कळांचं सहा आठवड्यांत आपोआप किंवा औषधानं ताळ्यावर येतं. काहींचे ठोके उलट फार मंद होतात, कारण ठोक्याची 'वायरिंग' झडपेला लागूनच जाते. त्यातल्या थोड्यांना पेसमेकर लागतो.

आईचं मात्र गेलं नाही. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता, त्यानं झडप आखडली आणि डावा वरचा कप्पा वर्षानुवर्षं ताणून मोठा झाला. झडप नवी बसली तरी कप्पा जुनाच. तिच्या मनगटावर बोटं ठेवली की दोन ठोके लगोलग येतात, मग खंड, मग एक एवढा हलका की सुटूनच जातो. म्हणून पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचं नाही, अख्खं मिनिट मोजायचं. आणि झडप 'नाकारणं' ही किडनी बदलण्यातली गोष्ट. धातूच्या झडपेला ती लागू नाही.

आता विष. यात अर्धं खरं आहे, म्हणूनच ते पटतं. 1920 च्या दशकात अमेरिका-कॅनडात सडलेला गवती चारा खाऊन गुरं रक्तस्रावानं मरू लागली. त्या चाऱ्यातल्या द्रव्याच्या शोधातून वॉरफरिन हे रक्त पातळ करणारं औषध निघालं आणि 1948 मध्ये ते उंदरांसाठी बाजारात आलं, हे खरं. पण 1954 मध्ये माणसांसाठी मंजुरी मिळाली आणि पुढच्याच वर्षी हार्ट अटॅकनंतर अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना ते दिलं गेलं. आईची रक्त पातळ करायची गोळी, एसिट्रॉम, त्याच घराण्यातली. कापसावरचं फवारणीचं औषध मापानं न घेता बाटलीच ओतली तर काय होतं ते आपल्याकडं कुणाला सांगायला नको. इथं ते माप म्हणजे आयएनआर, रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा तपासणीतला आकडा. निरोगी माणसाचा 1 च्या आसपास, मायट्रल जागी धातूची झडप असेल तर साधारण 2.5 ते 3.5.

'सहा महिन्यांत बंद' हे कुठून आलं तेही सांगतो. टिश्यूची, म्हणजे जनावराच्या ऊतीपासून बनवलेली, झडप बसवलेल्यांची गोळी तीन-सहा महिन्यांनी बंद होऊ शकते, तीही एएफ नसेल तर. धातूच्या झडपेला गोळी जन्मभर. दुसऱ्याच्या झडपेचा नियम आपल्याला लावला तर झडपेत गुठळी होते, किंवा ती मेंदूत जाऊन लकवा मारतो. 'आयएनआरची कटकट नसलेली नवी गोळी' कुणी सुचवली तर तीही धातूच्या झडपेला चालत नाही. तसा प्रयोग झाला होता, तो मधेच थांबवावा लागला.

पालेभाजी सोडायची नाही, सारखी ठेवायची. हे आम्ही ठेच खाऊन शिकलो. पहिल्या पावसाळ्यात बांधावर तरोटा माजला आणि आईनं आठवडाभर रोज भाकरीसोबत तोच खाल्ला. आयएनआर 2.9 वरून 1.7 वर. पाल्यातलं व्हिटॅमिन के गोळीचा जोर मोडतं. आता तरोटा असो की पालक, आठवड्यातून तीनदा एकेक वाटी, आणि डोस त्या हिशोबानं बसवलेला. वहीत तारीख, आकडा, डोस लिहितो. तालुक्याच्या लॅबला जाताना वही पिशवीत आधी जाते. काढा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, कारण त्यानंही आकडा हलू शकतो. कापूस वेचून कंबर धरली म्हणून मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळी तर काढ्याहून वाईट. ती पोटात रक्तस्राव करवू शकते.

खोकल्याचं काय बोलावं. खोकून एएफ जात नाही, एवढंच. भोवळ, दम लागणं, छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, यातलं काहीही झालं की 108.

आणखी एक, जे त्या मेसेजमध्ये नाही. रात्री गाव सामसूम झालं की आईच्या छातीतली टिकटिक ऐकू येते. नातू विचारतो, "आजी, तुह्या पोटात घड्याळ हाये का?" तो आवाज झडपेचाच, त्यानं घाबरायचं नाही. तो एकाएकी दबला किंवा बंद झाला, तर सकाळच्या एसटीची वाट पाहायची नाही.