पालकांना शाळेपासून लांब कसं ठेवावं

खेड्यातल्या शाळेवर नवीनच रुजू झाला असाल, गुरुजी, तर आधी एक वाक्य पाठ करा : "काय सांगायचं, इथले पालकच उदासीन." ते कुठेही चालतं. पोराला भागाकार येत नाही? पालक उदासीन. केंद्रप्रमुखांनी हजेरीचं विचारलं? पालक उदासीन. परवा मी शाळेत गेले तेव्हा हेच चाललं होतं, फक्त मी दारात उभी आहे हे सरांनी पाहिलं नव्हतं.

सभेची नोटीस सभेच्याच दिवशी सकाळी काढावी. वेळ अकराची. रोजंदारीवर जाणारं माणूस तेव्हा रानात असतं, त्यामुळे गर्दीचा त्रास नाही.

तरीही एखादी बाई आलीच, तर "मिस्टर नाही आले का?" एवढं विचारा. पुढच्या वेळी ती येत नाही.

व्हॉट्सअॅपचा ग्रुप जरूर काढा. त्यात फक्त अॅडमिनला बोलता येईल असं सेटिंग ठेवा.

शाळा व्यवस्थापन समितीचं मात्र जपून, तपासणीत ते रजिस्टर मागतात. 2009च्या शिक्षण हक्क कायद्यात समितीवर 75 टक्के पालक हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका, असं आहे. घाबरू नका. कायद्याला नावं लागतात, माणसं कोण मोजतंय? इतिवृत्त आधीच लिहून ठेवावं आणि सह्यांसाठी रजिस्टर पोरांच्या दप्तरातून घरोघर फिरवावं. आमच्याकडे ते संध्याकाळी आलं, चौथीतल्या माझ्या मुलीच्या दप्तरातून, कव्हरला डब्यातलं तेल लागलेलं. माझ्या नावापुढे पेन्सिलीनं बारीक फुली. "आई, सर म्हणाले इथं कर." वर लिहिलेलं, शाळा विकास आराखडा चर्चेअंती सर्वानुमते मंजूर. सूचक कोण? मी! जी सभा झालीच नाही तिथे मी ठराव मांडून मोकळी झाले होते. बरं, मांडलाच आहे तर वाचावा म्हणून आराखडा मागवला. रंगरंगोटी आहे, बोलक्या भिंती आहेत. मुलींच्या संडासाची दुरुस्ती नाही. त्याला दिवाळीपासून कुलूप आहे. माझी पोरगी पाण्याची बाटली सकाळी भरून नेते आणि संध्याकाळी तशीच भरलेली परत आणते, कारण पाणी प्यायलं की जायचं कुठे? हे मी सांगितलं, तर उत्तर आलं, "ताई, तुम्हाला यातलं कळत नाही, फॉर्मॅलिटी असते, सही करून टाका."

कळत नाही? मुलगी दिवसभर तहानलेली राहते हे कळायला डी.एड. लागत नाही.

लोकसहभाग हा शब्द मुरूम टाकायला, ट्रॅक्टर मागायला आणि वर्गणीसाठी राखून ठेवावा.

तुमच्यामागेही कामं आहेत, मान्य. निवडणूक, जनगणना, त्या कायम न उघडणाऱ्या साईटवर माहिती भरणं. निवडणूक आणि जनगणना तर कायद्यानंच तुमच्या गळ्यात ठेवलीय. पण त्याचा राग आमच्यावर का काढता? पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची हजेरी आणि प्रगती सांगणं हे त्याच कायद्याच्या कलम 24 मध्ये शिक्षकाचं कर्तव्य म्हणून लिहिलंय. आमच्यावर उपकार करत नाही तुम्ही. आराखडा करायचा समितीनं, अनुदान कुठे गेलं ते बघायचं समितीनं, आणि समितीत बसलेल्या बाईनं एक प्रश्न विचारला की तिच्या पोरीला वर्गात उभं करून "तुझी आई फार शहाणी झालीय" म्हणायचं? लाज वाटायला हवी होती. मला बोला, तिला कशाला?

रजिस्टर माझ्याकडेच आहे. सही हवी असेल तर सभा बोलवा, संध्याकाळी सात वाजता, माणसं रानातून आल्यावर. आणि येताना त्या संडासाची किल्ली घेऊन या.