701 प्रकरणं सुटली नाहीत, म्हणजे परग्रहवासी आले असं नव्हे

गोव्यातल्या व्हॉट्सअॅप गटांवर अधूनमधून फिरणारा दावा असा: अमेरिकी हवाई दलाने लोकांनी कळवलेल्या 12,618 उडत्या तबकड्या तपासल्या, त्यातल्या 701 परग्रहावरच्या निघाल्या, लष्कराने ते दडपलं, आणि आपल्या समुद्रावर दिसणारे दिवेही त्यातलेच.

आकडे खरे आहेत. पण 1952 ते 1969 चाललेल्या 'प्रोजेक्ट ब्लू बुक'मध्ये त्या 701 प्रकरणांवर शेरा आहे तो 'ओळख पटली नाही' एवढाच. चोर सापडला नाही म्हणून पंचनाम्यात भुताचं नाव कोणी घालत नाही. शिवाय हवाई दलाला आधी हवं होतं ते देशाला धोका आहे का याचं उत्तर, आणि ते 'नाही' असं आलं.

'दडपलं' म्हणावं, तर ब्लू बुकच्या फायली अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात कोणालाही पाहता येतात. लपवाछपवी झाली हेही खरं, पण ती वेगळीच. 1955 पासून यू-2 हे हेरगिरीचं विमान 60,000 फुटांवरून उडू लागलं; प्रवासी विमानं तेव्हा साधारण 10 ते 20 हजार फुटांवर असत. संध्याकाळी खाली काळोख झालेला आणि वर चंदेरी पंखांवर अजून ऊन, त्यामुळे वैमानिकांना आगीचा गोळाच दिसे. ब्लू बुकचे अधिकारी ही विमानं उडवणाऱ्या सीआयए या गुप्तचर संस्थेकडून उड्डाणांच्या वेळा पडताळून घेत. कळवणाऱ्याला मात्र खरं कारण सांगता येत नसे.

आपल्याकडचं उदाहरण लडाखचं. 2012-13 मध्ये सीमेवरच्या जवानांनी चिनी ड्रोन समजून आकाशातल्या दिव्यांच्या शेकडो नोंदी केल्या. बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेने त्या तपासल्या तेव्हा संध्याकाळचा दिवा गुरू निघाला, पहाटेचा शुक्र. वेळ आणि दिशा टिपलेली होती म्हणूनच हे जुळवता आलं.

आता आपले दिवे. क्षितिजावर ठरावीक जागी पांढरा उजेड असेल तर बहुधा बंदी असूनही एलईडी लावून मासेमारी करणारा ट्रॉलर. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत तो दिसतो का, पाहा. बोगमाळोहून पश्चिमेला न हलणारा प्रखर दिवा म्हणजे समुद्राकडून दाबोळी विमानतळावर उतरणारं विमान असू शकतं: सरळ आपल्या दिशेने येतं, म्हणून जागचं हलत नाही. आवाज न करता जाणारी, मध्येच विझत जाणारी दिव्यांची रांग स्टारलिंकच्या इंटरनेट उपग्रहांची. उपग्रह पृथ्वीच्या सावलीत शिरले की दिसेनासे होतात.

तरीही कळवायचंच असेल तर घड्याळातला मिनिट लिहा. दिशा होकायंत्राने घ्या. क्षितिजापासूनची उंची हात लांब करून मुठीने मोजा; एक मूठ साधारण 10 अंश. 'बसएवढं होतं' लिहू नका, अंतर माहीत नसताना आकार कळत नाही. व्हिडिओत छप्पर किंवा माड येऊ द्या आणि झूम करू नका: फोकस सुटला की कुठलाही ठिपका तबकडीसारखा पसरतो.