४१ चा दहावा भाग १३ कसा? सरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सर नमस्कार, उत्तराला दोन दिवस लागले कारण तुमच्या शेवटच्या मुद्द्यासाठी मला वही परत काढून बघावी लागली. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते, सोसायटीच्या गच्चीवर आणि मागच्या हाय टेन्शन लाइनखाली मी विद्युत क्षेत्र मोजलं होतं त्या पोस्टवर सरांनी लिहिलंय की पुस्तकात एकक न्यूटन प्रति कूलोम आहे आणि मी व्होल्ट प्रति मीटर लिहिते, मोबाइल टॉवरची आंतरराष्ट्रीय मर्यादा ४१ असेल तर भारताची दहावा भाग म्हणजे ४.१ हवी, मी १३ लिहून कंपन्यांची वकिली केली, आणि लाइनखाली मीटर हातात धरून घेतलेलं रीडिंग चुकीचं आहे.

एककाचं तर तुम्ही वर्गात कितीदा शिकवलं असेल. व्होल्ट म्हणजे ज्यूल प्रति कूलोम, ज्यूल म्हणजे न्यूटन गुणिले मीटर, मीटरला मीटर उडाला की खाली न्यूटन प्रति कूलोमच उरतो. मीटरवाले व्होल्ट लिहितात कारण आतला प्रोब विद्युतभाराला बसणारा धक्का मोजत नाही, व्होल्टेज मोजतो.

पण १३ वर मी ठाम आहे, आणि वकिलीचा शब्द मला लागला म्हणून जरा सविस्तर लिहिते. १ सप्टेंबर २०१२ पासून भारताने आयसीएनआयआरपीच्या (अशा मर्यादा सुचवणारी आंतरराष्ट्रीय संस्था) मर्यादेचा दहावा भाग धरला तो पॉवर डेन्सिटीचा, म्हणजे दर चौरस मीटरवर किती वॅट पडतात त्याचा, क्षेत्राचा नाही. पॉवर क्षेत्राच्या वर्गाप्रमाणे बदलते, क्षेत्र दुप्पट झालं की पॉवर चौपट. ९०० मेगाहर्ट्झला मूळ मर्यादा ४१.२५ व्होल्ट प्रति मीटर, त्याचा वर्ग करून मोकळ्या जागेच्या ३७७ ओहमने (अँटेनापासून लांब, तरंगातल्या विद्युत आणि चुंबकीय क्षेत्राचं ठरलेलं गुणोत्तर) भागलं की साधारण ४.५ वॅट प्रति चौरस मीटर येतात. दहावा भाग ०.४५. आता उलटं जा, ०.४५ गुणिले ३७७, त्याचं वर्गमूळ काढा, १३ येतं. म्हणजे पॉवर १० पट कमी केली तरी क्षेत्र सव्वातीन पटच्या आतबाहेरच कमी होतं.

हे फक्त गणित नाही हो सर, याच फटीतून लोक फसतात. गच्चीवर मला १.२ व्होल्ट प्रति मीटर आलं होतं. १३ शी ताडलं तर ११ पट कमी, आणि पॉवर डेन्सिटीत केलं तर तेच रीडिंग ०.००३८ वॅट प्रति चौरस मीटर, म्हणजे मर्यादेच्या जवळजवळ ११८ पट कमी! दोन्ही खरं आहे. ज्याला घाबरवायचंय तो ११ सांगेल, ज्याला गप्प करायचंय तो ११८ सांगेल, म्हणून मी प्रत्येक आकड्यापुढे एकक लिहिते आणि "इतके पट" वाचलं की आधी विचारते, कशाच्या? (माझा मीटर सगळ्या फ्रिक्वेन्सी एकत्र धरतो आणि मर्यादा फ्रिक्वेन्सीप्रमाणे बदलते, म्हणून ही तुलना ढोबळ आहे, हे मूळ पोस्टमध्ये राहून गेलं होतं, आता टाकलंय.)

आणि हे ३७७ ने भागणं कुठेही चालत नाही. टॉवरच्या ९०० मेगाहर्ट्झची तरंगलांबी ३३ सेंटिमीटर, त्यामुळे गच्चीवर आपण अँटेनापासून पुरेसे लांब असतो. ५० हर्ट्झला तीच तरंगलांबी ६००० किलोमीटर, मग लाइनखाली लांब जाणार तरी कुठे, तिथे विद्युत आणि चुंबकीय क्षेत्र वेगवेगळंच मोजावं लागतं. मर्यादाही वेगळी, ५० हर्ट्झला सामान्य लोकांसाठी ५००० व्होल्ट प्रति मीटर. एकक तेच असलं तरी हा ५००० आणि तो ४१ शेजारी ठेवून काहीच सिद्ध होत नाही.

हाताचा मुद्दा मात्र तुमचा शंभर टक्के बरोबर आहे सर. वहीत लिहिलेलंच नाही की मीटर अंगापासून किती लांब होता, फोटोत तर छातीजवळच दिसतोय. ५० हर्ट्झच्या क्षेत्रात आपलं शरीर वाहकासारखं वागतं, क्षेत्राच्या रेषा ओढून घेतं, डोक्यापाशी क्षेत्र कितीतरी पट वाढतं आणि अंगाच्या आडोशाला कमीही होतं, त्यामुळे माझा आकडा जास्त होता की कमी हेसुद्धा आता सांगता येणार नाही. तो मी खोडलाय आणि तिथे कारण लिहिलंय. ज्यांनी तो आकडा पुढे फॉरवर्ड केला त्यांनी कृपया ही दुरुस्तीही पाठवा.

रविवारी परत मोजणार आहे. कोरड्या प्लास्टिकच्या स्टँडवर, जमिनीपासून १ मीटर उंचीवर, मी स्वतः अडीच-तीन मीटर मागे उभी राहीन. दोन मनोऱ्यांच्या मधोमध जिथे तारा सगळ्यात जास्त झोळतात तिथून सुरुवात करून लाइनला काटकोनात दर मीटरला एक रीडिंग घ्यायचं ठरवलंय. पाऊस झाला तर पुढच्या रविवारी, कारण स्टँड ओला झाला की तोही वाहक होतो. यात आणखी काही सुटत असेल तर शनिवारपर्यंत इथेच लिहा.