भावोजी, अण्णांच्या सायकलची चावी तांदळाच्या डब्यात आहे

मंगळवारी सकाळी अण्णा दूध आणायला निघाले आणि सायकलच्या कुलपाची चावीच गायब. घरभर शोधाशोध झाली, देवघरापासून पडवीतल्या खुंटीपर्यंत सगळं बघून झालं, शेवटी आईनेच कबूल केलं की चावी तिने तांदळाच्या डब्यात लपवलीय. का, तर ठाण्याच्या भावोजींनी आमच्या फॅमिली ग्रुपवर एक मेसेज टाकलाय, "कोकणात गाडी घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाने वाचावे", वर तीन लाल उद्गारचिन्हं, खाली "जनहितार्थ". तो आईने चष्मा लावून दोनदा वाचला आणि एकाहत्तराव्या वर्षी ह्या माणसाची सायकल बंद असं ठरवून टाकलं. "जावईबापू एवढं लिहून पाठवतात ते काय उगाच?" हा वर सवाल.

हाच मेसेज मला आधी चार ग्रुपवर येऊन गेला होता, मी दुर्लक्ष केलं, म्हटलं जाऊदे, लोकांना उद्योग नाहीत. पण आता तो आमच्या तांदळात गेलाय.

सात मुद्दे आहेत. सायकलला लायसन नाही, पासिंग नाही, म्हणजे तिला रस्त्यावर हक्क नाही. सायकलवाले रोड टॅक्स भरत नाहीत. हायवेवर सायकलला बंदी आहे. कोकणातलं ट्रॅफिक यांच्यामुळे तुंबतं. कडेने न जाता मुद्दाम मधून चालवतात. अपघात झाला की चूक कोणाची का असेना, भरपाई गाडीवाल्याकडून उकळतात. आणि सातवा, ज्याच्यासाठी मी हे टाइप करत बसलोय, तो पुढे सांगतो.

लायसनचं बघा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात मोटार वाहन कशाला म्हणायचं ते लिहिलंय, यंत्रावर चालतं ते. सायकल पायावर चालते, म्हणून तिला लायसन, पासिंग, इन्शुरन्स काही लागत नाही. इथपर्यंत मेसेज बरोबर. पण त्यावरून हक्क नाही हे कुठून काढलं? चालणाऱ्या माणसालाही लायसन नसतं, बैलगाडीलाही नसतं, मग त्यांनी काय समुद्रातून जायचं? लायसन लागतं कारण मोटारीने माणूस मरतो. आणि गंमत म्हणजे पूर्वी नगरपालिका सायकलवर कर घ्यायच्या, त्याचा पत्र्याचा बिल्ला मिळायचा, तो हँडलला नाहीतर मागे लावायचा. अण्णा रत्नागिरीत नोकरीला होते तेव्हाचा त्यांचा बिल्ला अजून आमच्या माळ्यावरच्या खिळ्यांच्या डब्यात आहे. तेव्हा डबलसीट आणि बिनदिव्याची सायकल दिसली की पोलीस हवा सोडायचे म्हणे. म्हणजे रस्त्यावर सायकल असणं हे तुमच्या एसयूव्हीच्या कितीतरी आधीपासून चालू आहे.

टॅक्सचं तर बोलूच नका. अण्णांच्या नावावर स्कूटर आहे, तिचा टॅक्स भरलेला आहे, घरपट्टी भरतात, सायकल घेताना पण दुकानात कर भरलाच होता. आणि सगळ्यात मोठं म्हणजे आमच्या वाडीवरून जाणारा रस्ता रुंद केला तेव्हा आमचा गडगा, म्हणजे कुंपणाची दगडी भिंत, चार फूट आत घ्यावा लागला, दोन रायवळ आंबे गेले, तो चिऱ्याचा गडगा परत रचायला गवंडी आम्ही आमच्या खर्चाने आणला. त्याची पावती मागितली तर नाही देता येणार. पण त्याच चार फुटांवरून भावोजींची गाडी गणपतीत सुसाट जाते, आणि त्या चार फुटांवर आमच्याच माणसाला हक्क नाही?

शिवाय रस्ता खराब कोण करतं? अमेरिकेत इलिनॉयमध्ये १९५८ ते १९६० मध्ये मुद्दाम रस्ते बांधून त्यांच्यावर वेगवेगळ्या वजनाचे ट्रक फिरवून बघितले होते, त्यातून असं निघालं की एका आसावरचं वजन दुप्पट झालं की रस्त्याची झीज दुप्पट नाही, साधारण सोळापट होते. चिऱ्याचा भरलेला ट्रक वाडीतून गेल्यावर काय होतं ते आम्हाला अमेरिकेने सांगायला नको, पण हिशोब आहे म्हणून सांगितला. सायकल रस्त्यावरून गेली काय आणि गडग्यावर कावळा बसला काय, सारखंच.

हायवेवर बंदी हे अर्धं खरं. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर आणि अटल सेतूवर सायकल चालत नाही, बाइकसुद्धा चालत नाही. मुंबई-गोवा हायवे हा एक्सप्रेसवे नाही. आणि त्यावरचं ट्रॅफिक सायकलवाल्यांनी तुंबवलं म्हणे! २०११ पासून त्या रस्त्याचं काम चालू आहे, चाकरमान्यांच्या पिढ्या त्यात अडकून मोठ्या झाल्या, त्याला पण अण्णांचीच सायकल आडवी गेली असणार.

भरपाईचं, होय, चूक सिद्ध न करता भरपाईची तरतूद आहे. त्याच मोटार वाहन कायद्याचं कलम १६४, मृत्यूला पाच लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख. पण ती तुमचा इन्शुरन्सवाला देतो, थर्ड पार्टी इन्शुरन्स त्याच्यासाठीच काढायला लावतात. अडीच लाखांसाठी कोणी मुद्दाम पाय मोडून घेतो असं ज्याला वाटतं त्याने एकदा प्लॅस्टर घालून पावसाळा काढून बघावा.

आता पाचवा आणि सातवा एकत्र घेतो. पाचवा म्हणतो मुद्दाम मधून चालवतात. सातवा शब्द न् शब्द असा आहे: "सायकलवाला बाजूला होत नसेल तर लांब हॉर्न देत अगदी जवळून गाडी काढा, एकदा घाबरला की परत मधे येत नाही."

हे ज्याने लिहिलं तो आमच्या रस्त्यावर कधी काचा खाली करून तरी आलाय का? मी परवा गवंड्याकडचा टेप घेऊन वाडीच्या फाट्यापुढे डांबर मोजलं, तीन मीटर साठ. त्याच्या बाहेर साइडपट्टी म्हणून जे होतं त्यातला मुरूम दोन पावसात वाहून गेला, आता डांबराची कड आणि खालची माती यांच्यात वीतभर उतार आहे, त्याच्या पुढे जांभ्याचं गटार, गटाराच्या काठाला शेवाळ. सायकलचं चाक त्या कडेवरून खाली गेलं की परत वर येत नाही, कडेला घासत जातं आणि माणूस आडवा होतो, आणि आडवा होतो तो गटारात नाही, गाडीच्या बाजूला. म्हणून सायकलवाला कडेपासून हात-दीड हात आत चालवतो. तुम्हाला ते मधून दिसतं. मुद्दाम आहे हे बरोबर, पण तुमची वाट अडवायला नाही, जगायला.

आता बेरीज करा. कडेपासून अर्धा मीटर सोडला, हँडलची रुंदी साठ सेंटिमीटर, राहिले अडीच मीटर, आरशांसकट गाडी दोन मीटरची. म्हणजे दोघांच्या मधे अर्धा मीटर, तोही तुमची पलीकडची चाकं डांबराच्या अगदी काठावरून जात असतील तर. आणि ह्यात वर मेसेज सांगतो, जवळून काढा.

गेल्या मे महिन्यात आरे-वारेकडून येणाऱ्या एका पांढऱ्या गाडीने तेच केलं. लांब हॉर्न, तो पण उतारावर वळणात. अण्णांच्या हँडलला बांगड्यांची पिशवी होती, आरसा त्या पिशवीला लागला, हँडल फिरलं. अण्णा कोपरावर पडले, जांभ्यावर कोपर सोलवटलं, बांगडे रस्ताभर. गाडी पुढे जाऊन थांबली, ब्रेकलाइट लागले, मागच्या काचेतून एक पोरगा बघत होता, आणि मग गेली. नंबर कोणी घेतला नाही. अण्णा घरी आले आणि पहिलं काय बोलले, तर "तीन बांगडे चिरडले गो, बाकीचे धुऊन घे". आईला हे सगळं आठवत होतं आणि त्यात तिने हा मेसेज वाचला. म्हणजे भावोजी, तिला वाटलं की आता हे असंच करायचं असं लोकांना सांगतायत, आणि सांगणारे आपले जावई आहेत. ती काही चुकीचं समजली नाही.

कायदा हवाय तर घ्या. २०१७ ची केंद्राची वाहन चालवण्याची नियमावली आहे, तिच्यात चालकाने पादचारी, सायकलस्वार, मुलं, म्हातारी माणसं आणि दिव्यांग यांची विशेष काळजी घ्यायची असं स्पष्ट लिहिलंय, सायकलस्वार हा शब्द त्यात आहे, आणि पुढचं दिसत नाही अशा वळणावर ओव्हरटेक करायचं नाही हेही त्यात आहे. नियम सोडून ओव्हरटेक करणं २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८४ खाली धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये धरतात, पहिल्याच वेळी एक ते पाच हजार दंड, नाहीतर सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. विनाकारण हॉर्न वाजवायला वेगळे एक हजार. म्हणजे सातवा मुद्दा हा सल्ला नाहीच, गुन्हा कसा करायचा त्याची कृती आहे, पाककृतीसारखी. आणि मरायचं कारण बघायचं तर रस्ते मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर गेली, त्यातली ७१.२ टक्के जास्त वेगामुळे. "सायकलवाला घाबरला नाही म्हणून" असा रकाना त्यात नाही.

बरं, थांबायला वेळ किती जातो? समजा दोनशे मीटर मागे राहिलात. सायकल ताशी पंधराने, तुम्ही एरवी पन्नासने गेला असतात. फरक पडतो चौतीस सेकंदांचा. पुढे गणपतीपुळ्याला पार्किंगला जागा शोधायला किती वेळ लागतो ते मला तुम्हीच सांगितलंय.

एक मान्य करतो, नाइलाजाने. रविवारी सकाळी घट्ट कपडे घालून दहा-पंधराजण येतात सागरी मार्गाने, तिघं तिघं शेजारी, गप्पा मारत, मागून एसटी आली तरी पत्ता नाही. त्यांचं चुकतंच, मी स्वतः त्यांना ओरडलोय. आणि अंधारात मागे लाल दिवा नाही, साधा रिफ्लेक्टर नाही अशा सायकली आमच्याकडे पुष्कळ आहेत, आंब्याच्या बागेत राखणीला असलेले गुरखे तर रात्रीचे अशाच चालवतात. तिथे गाडीवाल्याची छाती धडधडते ती खरी. अण्णांच्या सायकलला मी परवाच मागे दिवा बसवला, सेल टाकून. पण म्हणून त्यांना घाबरवत जा असं होत नाही ना. म्हैस आडवी आली तर थांबता की नाही? तिला तर दिवाही नसतो.

मेसेज कोणी लिहिला देव जाणे, पण आमच्या घरात तो तुमच्या नावाने आलाय. मी आईला हे सगळं वाचून दाखवलं, टेपचं, कलमांचं, चौतीस सेकंदांचं. ती म्हणाली तू काय, तू अण्णांच्याच बाजूचा. जावईबापूंनी स्वतः फोन करून तो मेसेज खोटा म्हणून सांगितलं तर चावी देते. अण्णा तीन दिवस दुधाला चालत जातायत, जाऊन-येऊन चार किलोमीटर, त्याच रस्त्याने, त्याच कडेने. तेव्हा भावोजी, आज रात्री जेवणं झाल्यावर फोन करा, साडेनऊच्या आत, नंतर ती झोपते.