बागेला दुपारी कुलूप कशाला?

आज पुन्हा तेच. सव्वाबाराला आईला घेऊन बागेपाशी पोचले तर कुलूप. दुपारी १२ ते ४ बंद. फाटकाबाहेर फुटपाथवर घरकाम करणाऱ्या दोन मावश्या डबा उघडून बसलेल्या. एकीच्या मांडीवर भाकरी, तोंडावर रिक्षांचा धूर. आणि आत गुलमोहराखाली सगळी बाकं रिकामी! दोन घरांच्या कामांमध्ये त्या बायकांनी टेकायचं कुठे?

उघडी असली तरी आईला आत जाता येतं का? फाटकात ते फिरतं लोखंडी गेट बसवलंय, मोटरसायकली शिरू नयेत म्हणून. व्हीलचेअर त्यातून जात नाही. मग वॉचमनला शोधा, मोठ्या फाटकाची किल्ली शोधा. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ चा आहे आणि माझी आई अजून फाटकाबाहेर ताटकळते. आतल्या बाकांवर मधोमध दांडे ठोकलेत, कुणी आडवं होऊ नये म्हणून. मुलांना बॉल आणायची बंदी. कोणासाठी बांधली मग बाग?

विचारलं की ठरलेलं उत्तर, 'नको ते लोक येऊन बसतात.' कोण हो हे नको ते लोक? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा आमच्या गल्लीत छातीइतकं पाणी होतं. तळमजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजींना पाठीवर घेऊन कोणी वर आणलं? नाक्यावरच्या भाजीवाल्याने आणि कट्ट्यावरच्या पोरांनी. आजी रोज संध्याकाळी त्याच कट्ट्यावर बसायच्या. एक दिवस दिसल्या नाहीत तर पोरं दार वाजवायची. त्या दिवशी आजी घरातच आहेत हे त्यांना माहीत होतं. आम्ही त्याच बिल्डिंगमधले, आम्हाला वाटलं गावाला गेल्यात. अजून लाज वाटते त्याची.

तो कट्टा गेल्या वर्षी तोडला. तिथे आता कुंड्या आणि जाळी. पोरं कुठे जातात ठाऊक नाही. तळमजल्यावर नवीन कोण राहायला आलंय तेही ठाऊक नाही, आणि पाणी तर अजूनही दर पावसाळ्यात भरतं!

उद्या तिसऱ्यांदा वॉर्ड ऑफिसात जाणार आहे. दुपारचं कुलूप काढा आणि मोठ्या फाटकाचं एक दार उघडं ठेवा. एवढंच मागतेय, याला ना टेंडर लागतं ना पैसा.