पाय नसलेला भालदार

आमच्या मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, सांगलीच्या हौशी रंगभूमीवर तीस वर्षं भाला धरून उभे होते. बाकी काही नाही, नुसते उभे. ऐतिहासिक नाटक आलं की राजा कोण होणार यावरनं मंडळात भांडणं व्हायची, भालदार मात्र न विचारता काकाच. एक डायलॉग, "होशियाऽऽर!", आणि मग अडीच तास हलायचं नाही, नाकावर डास बसला तरी. राज्य नाट्य स्पर्धेत म्हणे एका परीक्षकांनी मध्यंतरात विचारलेलं, तो मागचा पुतळा भाड्यानं आणलाय का? (हे काका स्वतःच सांगायचे, त्यामुळे खरं किती ते बघा.) मिशी तेवढी त्यांना कधी टिकली नाही, घामानं स्पिरिट गम सुटायचा आणि दुसऱ्या अंकापर्यंत डावं टोक वर यायचं, मग ब्लॅकआऊट झाला की मावशी विंगेतनं पुढं होऊन अंगठ्यानं दाबून यायची.

तर काका गेले आणि दोन वर्षांनी मंडळाला अचानक त्यांचं कार्य आठवलं. पुतळा बसवायचा, कृष्णेकाठी, ५ नोव्हेंबरला म्हणजे रंगभूमी दिनालाच. वर्गणी निम्मी जमली म्हणून पुतळाही निम्माच करायचं ठरलं, छातीपर्यंत, फायबरचा, वरनं ब्राँझ कलर. मावशीला कळल्यावर म्हणाली, "आरं जन्मभर उभं राहून पायाच्या शिरा फुगल्या त्यांच्या, आणि पायच कापलं व्हय रं?"

मग चौथऱ्याची उंची. सांगलीत नदीकाठी साधी टपरी टाकायची म्हटली तरी पहिला प्रश्न एकच, २०१९ चं पाणी कुठवर आलेलं? आयर्विन पुलाजवळ ४५ फुटांना धोक्याची पातळी, तेव्हा ५७ च्या वर गेलेलं. त्या हिशोबानं चौथरा बांधला असता तर काकांचं दर्शन घ्यायला शिडी लागली असती, म्हणून पाच फुटांवर तोडगा निघाला. "म्हणजे दर पुरात बुडणार," मावशी म्हणाली, "आणि त्यांना पोहायला येत नव्हतं." यावर मीटिंगमध्ये कुणालाच काही सुचेना, तेवढ्यात चहा आला म्हणून बरं.

कार्यक्रम चारचा. खुर्च्या उन्हात, स्टेज सावलीत. पाहुणे कुठल्यातरी सिरीयलमधले, मुंबईहून यायचे होते. साडेचारला माईकवर सांगितलं, पाहुण्यांनी कराड सोडलंय. सव्वापाचला, पाहुणे पेठ नाक्याला आलेत. यावर पुढच्या रांगेत टाळ्या पडल्या, मागं आम्ही सांगलीकर गप्प, कारण पेठ नाका ते सांगली म्हणजे काय ते आमच्या कमरेला विचारा.

मधल्या वेळात निवेदक. तो बाहेरनं मागवलेला, आणि मला शंभर टक्के खात्री आहे की त्यानं कोकणातल्या कुठल्यातरी कार्यक्रमाचाच कागद आणला होता, कारण सुरुवातच केली, "या अथांग सागराच्या साक्षीनं, या फेसाळत्या लाटांच्या साक्षीनं..." आम्ही सगळ्यांनी माना वळवून बघितलं. कृष्णेत दोन म्हशी बसलेल्या. आंबा घाट उतरून रत्नागिरी गाठल्याशिवाय आम्हाला समुद्र दिसत नाही हो! शेजारचे आजोबा म्हणाले, "बोलू दे, पुरात दिसतोय तसा."

मग भाषणं. सांगलीत नाटकाचा विषय निघाला की वक्ता १८४३ पासनं सुरू करतो, हा इथला नियमच आहे. विष्णुदास भावे, चिंतामणराव पटवर्धनांचा राजाश्रय, सीतास्वयंवर. सगळं खरंय आणि अभिमानही आहे, पण पाच वक्ते होते आणि पाचही जण तिथूनच निघाले, म्हणजे एका संध्याकाळी सीतेचं पाच वेळा लग्न लागलं आणि गाडी विसाव्या शतकात यायच्या आत प्रत्येकाला चिठ्ठी गेली, आवरा. काकांचं नाव एकानं घेतलं, तेही त्यांच्या भावाचं.

पाहुणे आले तेव्हा अंधार पडलेला. त्यांनी दोरी ओढली, दोरी हातात आली, कापड तिथंच. दुसऱ्यांदा ओढलं तर चौथऱ्याचा हार खाली. शेवटी मांडववाल्या पोरानं बांबूनं ढोसून ते कापड पाडलं आणि टाळ्या पाहुण्यांना मिळाल्या. तेवढ्यात हॅलोजन लागला आणि नदीकाठचे सगळे किडे स्टेजवर उतरले. पाहुणे हात झाडत झाडत बोलत होते, दिवंगत कलावंतांनी अनेक अजरामर भूमिका गाजवल्या वगैरे, आणि मागं काकांच्या नाकावर हा भलामोठा किडा, काका जराही हलले नाहीत. मला हसू आवरेना, मावशीनं चिमटा काढला.

गर्दी वड्यांकडं गेल्यावर आम्ही दोघं जवळ गेलो. मावशीनं चष्मा पुसून नीट बघितलं. "आरं, ह्यांना मिशी कुठं होती?" खरंच की. मंडळाकडं फोटो एकच, मेकअपमधला, आणि शिल्पकार बिचारा प्रामाणिक, फोटोत दिसलं तसं केलेलं. उजवीकडं बरोबर बसलेली, आणि डावं टोक अर्धा इंच वर आलेलं.

मावशीनं इकडं तिकडं बघितलं, माझ्या खांद्याला धरून चौथऱ्याच्या पायरीवर चढली आणि अंगठ्यानं ते टोक दाबून धरलं, बराच वेळ.

"बसंना," म्हणाली.